'ॲ'च्या जागी चौकोन

बोरिवलीच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न मोठा गमतीचा आहे. त्यांच्या घरी विंडोज एक्सपीवर चालणारा एक जुना कॉम्प्युटर आहे. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर आणि तितकाच जुना प्रिंटर, या दोघांसाठी त्यांनी तो जपून ठेवलाय. त्यावरच्या ब्राउझरमध्ये मराठी पानं व्यवस्थित दिसतात. जोडाक्षरं, रफार, ळ, सगळं जागच्या जागी. पण मेट्रोच्या 'ॲक्वा लाइन'ची माहिती वाचायला गेलं की पहिल्याच अक्षराच्या जागी रिकामा चौकोन येतो. 'ॲप', 'ॲडमिशन', 'ॲसिडिटी' यांचंही तेच. 'कॅलेंडर' आणि 'ऑफिस' मात्र बरोबर उमटतात. दुसऱ्या एका संकेतस्थळावर तर 'अ‍ॅप'सुद्धा बरोबर दिसतं! दुकानदारानं सल्ला दिला, मशीन जुनं झालं, नवीन घ्या.

मशीनमध्ये काहीही बिघाड नाही. हा चौकोन म्हणजे मराठीच्या एका अक्षराकडे सुरुवातीला झालेल्या दुर्लक्षाची खूण आहे, आणि त्याची गोष्ट सांगताना पवई आणि जुहूला गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

पडद्यावर मराठी शब्द कसा उमटतो, ते जुन्या छापखान्याच्या उदाहरणानं चांगलं कळतं. तिथे तीन गोष्टी लागत: लेखकाचं हस्तलिखित, खिळे जुळवणारा जुळारी आणि खिळ्यांनी भरलेली केस. संकेतस्थळाकडून ब्राउझरला येते ती नुसती आकड्यांची ओळ, म्हणजे हस्तलिखित. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे, 'अ'चा 0905. ही ओळ उच्चाराच्या क्रमानं असते. 'बोरिवली'त आधी र येतो आणि मागून पहिली वेलांटी. वाचताना मात्र ती वेलांटी र च्या डावीकडे हवी. 'विलेपार्ले'मधला अर्धा र साठवला जातो ल च्या आधी, आणि दिसायला हवा 'ले'च्या डोक्यावर. ही उलथापालथ जुळाऱ्यानं करायची. विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइब नावाचा भाग करत असे. फायरफॉक्सच्या नंतरच्या आवृत्त्या हार्फबझ नावाचा स्वतःचा जुळारी बरोबर घेऊन येतात. आणि केस म्हणजे फॉन्ट. हस्तलिखितात अक्षर आहे, जुळाऱ्यालाही ते हवंय, पण केसमध्ये तो खिळाच नाही, अशी वेळ आली तर? छापखान्यात जुळारी त्याच मापाचा दुसरा खिळा उलटा घालून जागा धरून ठेवी आणि प्रुफात तिथे काळा ठसा उमटे. फॉन्टमध्ये शून्य क्रमांकाच्या जागेवर नेमक्या याच कामासाठी एक आकृती राखून ठेवलेली असते. तोच आपला चौकोन!

म्हणून मराठी पान बिघडलेलं दिसलं की आधी ते कसं बिघडलंय, हे बारकाईनं पाहावं. 'बोरिवली'तली पहिली वेलांटी र च्या उजवीकडे गेली आहे आणि जोडाक्षरांचे पाय मोडून सुटे पडले आहेत, तर जुळारी रजेवर आहे. एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची ही सोय आपण होऊन बसवावी लागे. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रदेश व भाषांच्या खिडकीत एक खूण करायची, विंडोजची सीडी घालायची आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा. त्या एका खुणेअभावी कितीतरी घरांत मराठी वर्षानुवर्षं मोडकी दिसत राहिली. मराठीच्या जागी टोप्या-शेपट्यांची रोमन अक्षरं येत असतील आणि त्यांत तीच दोन चिन्हं ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर हस्तलिखितच चुकीच्या पद्धतीनं वाचलं जातंय. यूटीएफ-8 या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांत बसतं आणि त्यांतला पहिला बाइट कायम एकच असतो. जुन्या ब्राउझरच्या मेनूत 'एन्कोडिंग' शोधून यूटीएफ-8 निवडलं की काम झालं. पान मुळात उघडतच नसेल तर कॉम्प्युटरची तारीख तपासावी. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि मग ब्राउझरला प्रत्येक संकेतस्थळाचं प्रमाणपत्र खोटं वाटू लागतं.

बोरिवलीचा चौकोन यांपैकी कशातच बसत नाही. तिथे जुळारी हजर आहे, हस्तलिखितही शुद्ध आहे. खिळा नाही. का नाही?

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर 1991 ची. तिनं देवनागरीची मांडणी उचलली ती 'इस्की' या भारतीय मानकाच्या 1988 च्या आराखड्यावरून. इंग्रजी शब्दांतला तो पसरट स्वर लिहायला हिंदीत ए वर चंद्र देतात: ऍ. मराठीत तो अ वर देतात: ॲ. मानकात ऍ आला, ॲ राहून गेला. ऑ होता, कॅलेंडरमधला मात्रेसारखा चंद्रही होता; म्हणूनच ते शब्द जुन्या कॉम्प्युटरवर नीट दिसतात. ॲ ला 0972 हा क्रमांक मिळाला एप्रिल 2008 मध्ये, युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत. साडेसोळा वर्षं! 2001 साली बाजारात आलेल्या एक्सपीच्या फॉन्टमध्ये 2008 साली जन्मलेलं अक्षर कुठून असणार? महाराष्ट्र शासनानं ॲ आणि ऑ यांना प्रमाण वर्णमालेत जागा दिली ती तर नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयानं.

एक्सपीवर देवनागरीसाठी जो फॉन्ट असे त्याचं नाव 'मंगल'. विंडोज 2000 बरोबर तो आला आणि पुढची कित्येक वर्षं सरकारी अर्जांपासून लग्नपत्रिकेच्या मजकुरापर्यंत सगळीकडे तोच दिसत राहिला. त्याचे कर्ते प्रा. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे र. कृ. जोशी, आणि त्यांच्याबरोबर विनय सायनेकर. रकृ हे जाहिरात क्षेत्रातले कलादिग्दर्शक, सुलेखनकार, दृश्य-कविता लिहिणारे कवी. 1983 पासून 1996 पर्यंत त्यांनी पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत शिकवलं. नंतर ते जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर-संशोधन संस्थेत आले. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. भारताला इंटरनेटशी जोडणाऱ्या पहिल्या काही संस्थांपैकी ही एक. तिथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अभियंत्यांच्या शेजारी बोरू चालवणारा माणूस बसला, आणि म्हणून संगणकावरच्या देवनागरीला हाताचं वळण माहीत असलेला कर्ता लाभला.

हे काम किती अवघड होतं याची आज कल्पना येत नाही. रोमन लिपीचा फॉन्ट करणाऱ्याला मोजकी अक्षरं काढून थांबता येतं. देवनागरीत प्रत्येक व्यंजनाचं अर्धं रूप हवं, जोडाक्षरं हवीत, रफार कोणत्या अक्षरावर किती सरकवायचा याचा हिशेब हवा, आणि हे सगळं त्या काळच्या ढोबळ पडद्यावर बारीक आकारात वाचता यायला हवं. शिवाय जुळाऱ्याचे नियमच तेव्हा ठरत होते. संगणक-क्रांतीच्या गोष्टीत आपण कंपन्यांच्या संस्थापकांची नावं पाठ करतो. ज्यांच्या अक्षरांत आपण रोज वाचतो त्या रकृंचं नाव किती मराठी माणसांना ठाऊक आहे? विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर एक धडा असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी 2008 मध्ये रकृ गेले. ॲ ला क्रमांक मिळाला तो त्यानंतर दोनच महिन्यांनी.

आता राहिलं ते दुसऱ्या संकेतस्थळावरच्या 'अ‍ॅप'चं कोडं. ॲ ला स्वतःचा क्रमांक नव्हता तेव्हा मराठी लोक काही स्वस्थ बसले नाहीत. अ टंकून पुढे चंद्र दिला तर युनिस्क्राइब ते मान्य करत नसे. स्वरावर मात्रा कशी, म्हणून तो मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ दाखवी. मग कोणीतरी युक्ती काढली: दोन्हींच्या मध्ये एक अदृश्य सांधणारं चिन्ह घालायचं. जुळाऱ्याची समजूत पटली, अक्षर उमटलं. मराठी विकिपीडियावर आणि वृत्तपत्रांच्या जुन्या पानांवर असे 'अ‍ॅ' भरपूर सापडतील. युक्ती सुंदर होती, पण तिची किंमत आपण अजून मोजतोय. कारण डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यंत्राच्या लेखी वेगवेगळा आहे. एका पद्धतीनं टंकून शोधाल तर दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेला शब्द हाती लागेलच असं नाही. त्यात हिंदी कळफलकावरून आलेला ऍ आहेच. मराठी बोलणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा सध्या मोठा गाजावाजा चालू आहे. तिला शिकायला मिळतो तोही हाच, एक शब्द तीन तऱ्हांनी साठवलेला मजकूर. पायाची ही डागडुजी केल्याशिवाय त्या घोषणांवर माझा फारसा विश्वास बसत नाही.

बोरिवलीच्या वाचकांसाठी उपाय सोपा आहे. एक्सपीवर चालणारा शेवटचा फायरफॉक्स 52 क्रमांकाचा. तो स्वतःचा जुळारी आणतो, म्हणून इंटरनेट एक्स्प्लोररऐवजी तोच वापरावा. 2008 नंतरचा एखादा मुक्त देवनागरी फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हनं आणावा आणि कंट्रोल पॅनेलमधल्या 'फॉन्ट्स'मध्ये ठेवावा. 'मुक्ता' चांगला आहे. तो मुंबईच्या एक टाइप या गटाचा, आयडीसीचेच प्राध्यापक गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी केलेला. मग ब्राउझरच्या फॉन्टच्या सेटिंगमध्ये देवनागरीसाठी तो निवडावा. पानानं स्वतःचा फॉन्ट लादला असेल तर तिथेच ती परवानगी काढून घेता येते. चौकोन जाईल. मात्र एक्सपीला सुरक्षेची डागडुजी मिळणं 8 एप्रिल 2014 लाच थांबलं आहे. त्या कॉम्प्युटरवर वाचन करा, हिशेब करा. बँकेचा व्यवहार करू नका.

आणि संकेतस्थळं चालवणाऱ्यांना, संपादकांना, शाळांत टंकलेखन शिकवणाऱ्यांना एक विनंती. ॲ लिहिताना 0972 हेच अक्षर वापरा आणि जुन्या मजकुरातले जोडलेले 'अ‍ॅ' बदलून घ्या. एका छोट्या प्रोग्रॅमचं काम आहे, दुपारभरात होतं.