चहा गरम असतानाच प्या!

घरात सकाळचा पहिला चहा करतं कोण? आपण. आणि गार झालेला चहा पितं कोण? तेही आपणच! डबे भरायचे, नळ जायच्या आत पाणी भरून घ्यायचे, मुलीची वेणी घालायची... या धांदलीत ओट्यावरच्या कपात साय धरते आणि शेवटी उभ्या उभ्याच तो चहा घशाखाली ढकलला जातो.

परवा शेजारच्या वहिनी बोलता बोलता डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "धाकटी शिकायला पुण्याला गेली नि घर खायला उठलंय. तिचं लहानपण आठवायला बसले, तर मला माझी कामंच आठवतात हो! ती कशी हसायची, काय बडबडायची, ते बघायला फुरसतच कुठं होती?"

ऐकून मनात चर्र झाले. ही एकट्या वहिनींची गोष्ट थोडीच आहे? आपले हात पोळी लाटत असतात आणि मन मात्र संध्याकाळच्या भाजीत, महिनाअखेरच्या हिशेबात, नाहीतर गेल्या दिवाळीत कुणी मारलेल्या टोमण्यात अडकलेले असते. समोरचा क्षण येतो आणि तसाच निघून जातो.

मनाचा हा स्वभावच आहे, असे मानसशास्त्र सांगते. चांगल्याची त्याला लवकर सवय होते. नव्या मिक्सरचे कौतुक चार दिवसांत संपते. वाईट मात्र ते घट्ट धरून ठेवते. आमटी रोज छान होते तेव्हा कुणी काही बोलत नाही, पण एक दिवस मीठ जास्त पडले की तेवढेच आपल्याला आठवडाभर सलत राहते! म्हणून चांगल्याकडे जरा मुद्दाम बघावे लागते.

अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला, असे दहा आठवडे, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटली अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने मनस्ताप देणाऱ्या गोष्टी लिहिल्या. पहिल्या गटातली मुले आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळली.

आपल्यालाही हे जमण्यासारखे आहे. त्यासाठी वेगळा वेळ नको, की पैसा नको.

दिवसातले एकच काम निवडा आणि तेवढे मन लावून करा. फोडणी देताना मोहरीची तडतड ऐका, कढीलिंबाचा वास घ्या. तुळशीला पाणी घालताना ओल्या मातीकडे बघा. मन पळेल; पळू दे, पुन्हा हळूच आणा.

रात्री जेवताना प्रत्येकाने दिवसातली एक बरी गोष्ट सांगायची, असा पायंडा पाडा. तेवढा वेळ मोबाइल दूर राहू दे. सांगितलेला आनंद दोनदा भोगता येतो.

आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीचे शेवटचे पान स्वतःसाठी ठेवा. आठवड्यातून एकदा दोन-तीन ओळी लिहिल्या तरी पुरे.

मात्र एक सांगायलाच हवे. छोट्या सुखांत रमायचे, म्हणजे सगळे मुकाट्याने सोसायचे, असा अर्थ कुणी काढू नये. कामात घरच्यांनी हात लावलाच पाहिजे, आणि तसे सांगायला लाजू नका. शिवाय दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप-भूक हरपली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर तो आपला दोष नाही. ते आजारपण असू शकते. डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतूनही बोलता येते.

वहिनींनी वही सुरू केली. पहिली ओळ त्यांनी मला वाचून दाखवली: "आज लेकीचा फोन आला. ती हसली तशी लहानपणीही हसायची, ते आठवलं."

उद्या सकाळी डबे दोन मिनिटे थांबू देत. कप हातात घ्या, खिडकीशी बसा आणि चहा गरम असतानाच प्या!