रांगेतली जागा आणि आजीची जागा

खामगावच्या एस. टी. स्टँडवर गाडी पुरती थांबण्यापूर्वीच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आणि प्रसंगी घरचे लहान पोरही आत सोडून जागा धरण्याची विद्या ज्याला अवगत आहे, त्याला आरक्षण म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. ह्या विद्येत मी लहानपणीच तयार झालो. वडील खिडकीखाली उभे राहायचे, मी त्यांच्या खांद्यावरून आत उतरायचो आणि चार माणसांची जागा हातपाय पसरून अडवून बसायचो. पुढे शाळेत गणिताचा मास्तर झालो, संसार झाला; पण मौजेच्या पाळण्यावरही आधी रुमाल टाकता येतो, आणि त्या रुमालाला रोख पैसे मोजावे लागतात, हे कळायला गेली दिवाळी उजाडावी लागली.

त्याचे असे झाले. आमची मोठी पुढच्या वर्षी दहावीत जाणार होती. तेव्हा "एकदाच काय ती मोठी सहल" असा ठराव घरात पास झाला आणि ठिकाण ठरले खोपोलीजवळचे इमॅजिका. २०१३ साली सुरू झालेल्या ह्या उद्यानाचे वर्णन मुलांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होते. नायट्रो नावाच्या गाडीला म्हणे पायाखाली फरशीच नाही. पाय अधांतरी लोंबत असतात आणि गाडी उलटीसुलटी फिरते. राजासॉरस नावाची एक जलसफरही आहे. हे नाव मात्र मला ठाऊक होते. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या अवशेषांवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी एका डायनोसॉरला ते दिले.

शेगावहून रात्रीच्या गाडीने कल्याण, तिथून कर्जत आणि पुढे खोपोली, असा मार्ग मी आखला. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, ते त्याच दिवशी सकाळी उरकले. तिकिटे चार. आई येणार नव्हती. "मले काय करायचं तिथं? त्या पाळण्यात बसून माहे हाडं मोजायचे हायेत का?" असे म्हणून तिने विषय संपवला होता.

हौदाचे गणित

मग एका संध्याकाळी धाकट्याने बातमी आणली की, साध्या तिकिटाखेरीज एक्स्प्रेस तिकीट असते. ते घेतले की वेगळी, छोटी रांग. सौ. म्हणाल्या, "एवढ्या लांब जायचे आणि दिवसभर रांगेत पाय मोडायचे, त्यापेक्षा चार पैसे जास्त गेले तरी चालतील." मोठीचेही तेच मत. मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. मास्तरकीची खोड, दुसरे काय!

काळ, काम, वेग आणि हौदाला लागलेले दोन नळ ही गणिते आपण सर्वांनी शाळेत सोडवलेली आहेत. रांगेचे गणित त्याच घरचे. समजा, एका पाळण्यात २० जण बसतात आणि दर ४ मिनिटांनी फेरी सुटते. म्हणजे तासाला १५ फेऱ्या आणि ३०० माणसे. तुमच्यापुढे १५० जण असतील, तर तुमचा नंबर अर्ध्या तासात लागेल. आता त्याच पाळण्याच्या निम्म्या जागा पासवाल्यांना दिल्या आणि त्या भरत राहिल्या, की साध्या रांगेतून तासाला १५० माणसेच सरकतील. तुमच्यापुढे तितकेच १५० जण, पण थांबायचे पूर्ण तासभर. पासाने पाळण्याला एकही जागा वाढत नाही. एकाची वाचलेली मिनिटे दुसऱ्याच्या खात्यावर पडतात.

रांगेचा असा हिशेब मांडणारा मी काही पहिला नव्हे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग ह्या गणितज्ञाने १९०९ सालीच त्यावर निबंध लिहिला होता. कॉल किती येतात आणि किती लोकांना ताटकळावे लागेल, हा त्याचा प्रश्न. पाळण्यांच्या जगात ह्याचा मोठा प्रयोग केला तो डिस्नेने. १९९९ मध्ये त्यांनी तिथे फास्टपास आणला. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर लिहिलेल्या वेळेला परत यायचे, मधल्या वेळात वाटेल तिथे हिंडायचे. आणि हे सारे फुकट. २०२१ मध्ये ती सोय जाऊन तिची जागा पैशाच्या पासाने घेतली. आता फ्लोरिडाच्या उद्यानात हा पास घेणारी माणसे घरून निघण्यापूर्वीच तीन पाळण्यांच्या वेळा राखून ठेवतात. त्यांच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी ही मुभा, इतरांना तीन दिवस आधी. सहलीला निघालेल्या माणसाच्या खिशात शाळेसारखे वेळापत्रक!

शेगावची वेळ

आमचे हे व्याख्यान आई वाती वळता वळता ऐकत होती. ती म्हणाली, "शेगावले नाही का घेतली होती आपण येळ?"

खरेच की! टाळेबंदीनंतर १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली देवळे पुन्हा उघडली आणि शेगावला श्रीगजानन महाराजांच्या दर्शनासाठी ई-पास काढावा लागू लागला. आईला ते मुळीच रुचले नव्हते. "महाराजाले भेटायले येळ मागून जायाचं?" असा तिचा सवाल होता. शेगाव आमच्यापासून १६-१७ किलोमीटर. लहानपणापासून मनात आले की निघायचे, अशी तिची रीत. शेवटी मोठीने मोबाइलवर तिचा पास काढला. दिलेल्या वेळेला आम्ही गेलो. एरवी गुडघे धरत कितीतरी वेळ सरकणारी आई त्या दिवशी थोड्या वेळात समाधीपुढे उभी राहिली आणि परतताना म्हणाली, "असं रोज असलं तं बरं व्हईन."

"मग हा पासही तसाच, आजी," मोठी म्हणाली.

"तसा कसा? तो साऱ्याइले भेटत होता, फुकट. हा इकत हाय."

माझ्या पाटीभर आकडेमोडीचे सार आईने दोन वाक्यांत सांगितले. वेळ राखणे निराळे आणि पुढची जागा विकत घेणे निराळे. तिरुपतीला हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी दिसतात: सर्वदर्शनाचे वेळ दिलेले टोकन फुकट, आणि विशेष प्रवेशदर्शन तीनशे रुपयांना. पहिल्यात रांग नुसती दिवसभरात पसरली जाते. दुसऱ्यात तिला दोन तोंडे फुटतात.

पण म्हणून विकतचा पास घेणे पाप, असेही मी म्हणणार नाही. तसे असते, तर तत्काळचे रेल्वे तिकीट काढणारे आपण सगळेच पापी ठरलो असतो.

दाराच्या चौकटीवरची रेघ

निर्णय अडला तो दोन साध्या गोष्टींवर. पहिली म्हणजे उंची. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, हे ध्यानात आल्यावर धाकट्याला दाराच्या चौकटीशी उभे केले आणि पेन्सिलीने रेघ मारली. नायट्रोसाठी गडी कमी भरला. टाचा उचलून पाहिल्या, केस फुगवून पाहिले. रेघ काही वर जाईना. धाकट्याबरोबर कुणीतरी खाली थांबणार, आणि सौभाग्यवतींनी "मी काही उलटी टांगून घेणार नाही" असे आधीच जाहीर केले होते. म्हणजे चार पासांपैकी दोन वाया.

दुसरी गोष्ट सौ.नीच काढली. चार पासांच्या जास्तीच्या रकमेची बेरीज पाहून त्या हलकेच म्हणाल्या, "एवढ्यात आईंचे जाणे-येणे आणि तिकीट निघते हो."

घरात एकदम शांतता झाली. आईने न येण्याचे कारण हाडांचे सांगितले होते. पण तिकिटे चार ठरवताना मी तिला दुसऱ्यांदा विचारलेही नव्हते, हे मला ठाऊक होते. मोठी तीन वर्षांची असताना आम्ही शेगावच्या आनंदसागरात गेलो होतो. तिथल्या झुकझुक गाडीच्या रांगेत आजी-नात दोघी पुढे, आम्ही मागे. फुटाण्यांची पुडी संपली, गोष्ट संपली, दुसरी गोष्ट सुरू झाली, तेव्हा कुठे गाडी आली. मोठीला गाडी आठवत नाही, गोष्ट आठवते. पुढे आनंदसागर काही वर्षे बंदच राहिले आणि धाकट्याचे ते वय तसेच निघून गेले.

मोठी बराच वेळ गप्प होती. पास हवा होता तो खरा तिलाच. मग ती म्हणाली, "बाबा, आजीचं तिकीट बघा मिळतं का. पण जाऊ आपण रविवार सोडून."

आईने नाही-नाही म्हटले, पण त्याच रात्री पेटीतले जाड लुगडे उन्हात टाकायला काढले.

प्रत्यक्षात

आम्ही भाऊबीज आटोपल्यावर, मंगळवारी गेलो. दार उघडताच बाकी सगळे सोडून मी आणि मोठी नायट्रोकडे धावलो. पहिल्या फेऱ्यांत फारसे थांबावे लागले नाही. (माझी अवस्था काय झाली, हे इथे सांगण्याचे कारण नाही.) दुपारी जेवणाच्या वेळी लोक पंगतीला बसले, तेव्हा आम्ही पाळण्यांना बसलो, आमच्या दशम्या आणि लसणाची चटणी आधीच फस्त झाली होती. आजी आणि धाकटा ह्यांनी घोड्यांच्या चक्रावर ठाण मांडले. आईने किती फेरे मारले, ते दोघेही सांगत नाहीत.

राजासॉरस मात्र राहिला. त्याची रांग पाहून धाकट्याचे तोंड उतरले आणि त्या क्षणी मला पास न घेतल्याचा पश्चात्तापही झाला, हे प्रामाणिकपणे लिहितो.

संध्याकाळी मोठीने पुन्हा नायट्रोचा हट्ट धरला. रांग तासाभराची. दोघे उभे राहिलो. प्रतीक्षेचे मानसशास्त्र लिहिणाऱ्या डेव्हिड मैस्टर ह्यांनी १९८५ मध्ये म्हटले आहे की, रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. आमचा वेळ पहिली वीस मिनिटे रिकामाच होता. मग ती कठड्याकडे बघत म्हणाली, "बाबा, दहावीनंतर मला सायन्स नाही घ्यायचं."

घरी असते, तर मी लगेच काहीतरी बोललो असतो आणि ती आपल्या खोलीत गेली असती. रांगेत दोघांनाही जायला जागा नव्हती. पुढे माणसे, मागे माणसे. मी ऐकत गेलो. तिला भूगोल आणि इतिहास आवडतो, हे मला माहीत होते. वर्षभर ती हे सांगायचे टाळत होती, हे माहीत नव्हते. आमचे बोलणे अर्धवट असतानाच नंबर लागला.

आता कुणी विचारले, पास घ्यावा का, तर मी आधी दिवस विचारतो. सुटीचा रविवार असेल, हाती एकच दिवस असेल आणि घरातली बहुतेक माणसे मोठ्या पाळण्यांवर बसणारी असतील, तर जरूर घ्यावा. आडवार असेल, तर सकाळी लवकर पोहोचणे हाच पास. आणि दोन्ही बाबतींत आधी मुलांची उंची मोजावी.

धाकटा दर रविवारी चौकटीशी उभा राहतो. परवा रेघ दोन बोटे वर सरकली. राजासॉरस त्याच्या डोक्यातून गेलेला नाही, तेव्हा पासाचा प्रश्न पुन्हा निघणारच. ह्या खेपेला कदाचित घेऊही. यादी मात्र त्याने आतापासूनच करून भिंतीला लावली आहे, आणि तिकिटांच्या खाली पहिले नाव आजीचे आहे.