ठासणीच्या रायफलीतील गोळी आणि किटण

ठासणीच्या रायफलीत गोळी नळीच्या तोंडातून आत जाते आणि तिथूनच बाहेर पडते. आत जाताना ती सैल हवी. बाहेर पडताना मात्र घट्ट, नाहीतर नळीतल्या पेचदार खाचा तिला पकडत नाहीत, फिरकी मिळत नाही आणि नेम चुकतो.

फ्रेंच अधिकारी मिनिए याच्या नावाने ओळखली जाणारी, बुडाशी पोकळ असलेली शिशाची गोळी हा यावरचा तोडगा. दारू पेटली की वायूच्या दाबाने बूड फाकते आणि खाचांत रुतते. 1853 च्या एनफिल्ड रायफलीची नळी 0.577 इंचाची, गोळी 0.568 इंचाची. मध्ये फट उरली जेमतेम 0.009 इंच, तीही काडतुसाच्या वंगण लावलेल्या कागदाने भरलेली.

ही फट किटणाने बुजते. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो, मुख्यतः पोटॅशियमचे क्षार. दमट हवेत हे क्षार पाणी धरतात आणि किटण मऊ राहते. कोरड्या उन्हाळ्यात ते तव्यावरच्या करपलेल्या थरासारखे धरून बसते; काही बारांनंतर गज आपटूनही गोळी खाली उतरत नाही. जळगाव-भुसावळकडचा एप्रिल-मे म्हणजे याला हवी तशीच हवा. त्यात उन्हाने वंगण वितळून कागद कोरडा पडे. 1857 च्या उठावाच्या संदर्भात गाय-डुकराच्या चरबीची चर्चा पुष्कळ होते. काडतुसाला वंगण लागतच का होते, हे क्वचितच सांगितले जाते.

त्या उठावात खान्देशही होता. धरणगावला 1825 पासून ब्रिटिश अधिकारी आउट्रम याने उभारलेली भिल्ल पलटण होती, तर सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक हे भिल्ल पुढारी ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध उभे राहिले. त्यांची 11 एप्रिल 1858 ची आंबापाणीची लढाई ऐन उन्हाळ्यातली. उठावातल्या भिल्लांकडे तिरकमठे आणि तोड्याच्या बंदुका होत्या. या बंदुकांच्या बिनखाचांच्या, गुळगुळीत नळीत गोळी सैलच बसते. किटण साचले तरी भरणे फारसे अडत नाही, पण लांबचा नेम नाही.

पुढे एनफिल्डची गोळी 0.550 इंचावर आणली गेली. फट तिप्पट झाली; बूड नक्की फाकावे यासाठी त्यात लाकडी, नंतर भाजल्या मातीची गुडदी असे. वंगणातही चरबी घटवून मेण वाढवले. उठावानंतर हिंदी शिपायांना मात्र खाचा नसलेली 0.656 इंचाची बंदूक देण्यात आली. कारण अविश्वासाचे होते. भरायला ती अधिक सोपी, हा योगायोग. बंदूक कोणतीही असो, साफसफाईला पाणी पुरे, कारण किटणातले क्षार त्यात विरघळतात; नळी लगेच पुसून तेल लावले नाही तर ती गंजते.

1866 पासून स्नायडर पद्धतीने एनफिल्ड मागून भरता येऊ लागली आणि गोळी किटणातून ठासत नेण्याचे काम संपले. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत आज तयार होणाऱ्या रायफलीच्या काडतुसांत धूरविरहित दारू असते, आणि धातूच्या आवरणाची गोळी खाचांमधल्या उंचवट्यांपेक्षा किंचित जाडच ठेवलेली असते.