न घडलेल्या आजारांची नोंद

१९८६ च्या सुमारास माझी बदली एका खेड्यातल्या शाखेत झाली होती. दर महिन्याला पगार काढायला उपकेंद्राच्या नर्सबाई येत. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, पायांवर धूळ. एकदा मी सहज म्हणालो, "सिस्टर, हल्ली तुमच्याकडे गर्दी दिसत नाही. मजा आहे!" बाई हसल्या. म्हणाल्या, "साहेब, गर्दी होऊ नये म्हणून तर वणवण फिरते."

हे उत्तर मला तेव्हा नीट उमगले नाही. बँकेत जे घडते त्याची नोंद होते. जे टळले त्याला खतावणीत रकाना नसतो. परिचारिकेचे निम्मे काम मात्र या टळलेल्या गोष्टींचेच.

परिचारिका म्हटले की आपल्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा आठवतो. १८५४ मध्ये ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली, तेव्हा सैनिक जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक मरत होते. पुढच्या वर्षी गटारे साफ झाली, खेळती हवा आली आणि मृत्यू झपाट्याने घटले. हा धडा ती विसरली नाही. १८५९ मध्ये शुश्रूषेवर तिने पुस्तक लिहिले ते घरोघरच्या स्त्रियांसाठी. त्यात भर मोकळी हवा, उजेड, शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांवर. भारतात ती कधीच आली नाही. पण इथल्या गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी ६९ माणसे दगावतात, असे १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात नोंदले गेले, त्यामागे तिचेच परिश्रम होते. १८९३ मध्ये तर तिने आजाऱ्याची शुश्रूषा आणि आरोग्याची शुश्रूषा असा स्पष्ट भेद केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड ही परिचारिका गरीब स्थलांतरितांच्या वस्तीतच राहायला गेली.

पुढे १९८६ मध्ये कॅनडातील ओटावा येथे आरोग्यसंवर्धनाची सनद तयार झाली. तिचे सार सोपे आहे: आपल्या आरोग्याची सूत्रे लोकांच्याच हाती यावीत. नुसता उपदेश पुरत नाही. पाणी, अन्न, घर, शिक्षण हेही हवे. आपल्याकडे जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून हेच केले. गावातल्याच, अनेकदा निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले.

आमच्या नर्सबाईंनी ही सनद वाचली नसावी. आमच्या शाखेतल्या शिपायाचे पहिले मूल आठव्या दिवशी धनुर्वाताने गेले होते. बाळंतपण त्याच्या आईने केलेले. नाळ घरच्या विळ्याने कापलेली. सून पुन्हा गरोदर राहिली, तेव्हा बाई त्या घरी गेल्या. रागावल्या नाहीत. म्हातारीशेजारी बसून चहा घेतला आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्या हाताला अनुभव आहे. एवढंच करा, ब्लेड नवं घ्या, दोरा उकळा आणि नाळेला काही लावू नका." सुनेला धनुर्वाताची दोन इंजेक्शने दिली. बाळंतपण म्हातारीनेच केले. मूल जगले.

म्हातारीला दोषी ठरवले असते तर दार कायमचे बंद झाले असते. बाईंनी तिच्याच हातांवर विश्वास टाकला. मला वाटते, आरोग्यसंवर्धनाचे सगळे तत्त्व त्या चहाच्या कपात होते.

२०१५ मध्ये माता आणि नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. ती बातमी वाचताना मला त्या धुळीने भरलेल्या चपला आठवल्या. अशा किती बाई किती दारांत बसल्या असतील!

आपल्याही दारी कधी नर्सबाई किंवा आशाताई येतात. घरात कोणी आजारी नसले की आपण दारातूनच "सगळं ठीक आहे" म्हणतो. पुढच्या वेळी त्यांना आत बोलवावे, पाणी द्यावे, दोन मिनिटे ऐकावे. सगळे ठीक असते, तेव्हाच तर त्यांचे काम चाललेले असते.