एका तबकडीत दोन चित्रपट

एक सोपे गणित सोडवा. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट माहिती मावते. मग दोन थरांच्या डीव्हीडीत किती मावेल? ९.४ अब्ज, असे तुम्ही चटकन म्हणाल. भौतिकी शिकवीत असूनही मी तसेच धरून चाललो आणि फसलो.

त्याचे असे झाले. मुळशी तालुक्यातील एका शाळेचे शिक्षक दोन तबकड्या घेऊन माझ्याकडे आले. एकीत ‘शेजारी’ होता, दुसरीत ‘पडोसी’. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९४१ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली एकच कथा मराठीत आणि हिंदीत चित्रित केली, ते हे दोन चित्रपट. जिवाभावाचे दोन शेजारी, एक हिंदू व एक मुसलमान. धरण बांधायला आलेला माणूस त्यांच्यात वितुष्ट आणतो आणि शेवटी धरण फुटते. मुळशीच्या धरणात ज्यांच्या पूर्वजांची गावे बुडाली, १९२१ चा सत्याग्रह ज्यांच्या घरात अजून निघतो, त्या मुलांना ही कथा परकी कशी वाटेल? गुरुजींना दोन्ही भाषांतील तेच प्रसंग लागोपाठ दाखवायचे होते. पण एक तबकडी काढून दुसरी घालीपर्यंत वर्गात गलका होतो!

चित्र एकच ठेवून आवाज तेवढे दोन का नाही ठेवायचे? डीव्हीडीत तशी सोय असते. पण हिंदू शेजारी मराठीत केशवराव दाते आहेत, तर हिंदीत मजहर खान. (मिर्झा मात्र दोन्हीकडे गजानन जागीरदारच.) म्हणजे चित्रपट दोन्ही पूर्ण हवेत. भारतीय कायद्यात चित्रपटाचे स्वामित्व ६० वर्षे टिकते, म्हणून या जुन्या चित्रपटांबाबत मी तयार झालो; नव्या चित्रपटांवर हा प्रयोग करू नका.

तबकडीतील सारी माहिती जशीच्या तशी संगणकात उतरवली की तिला ‘डिस्क इमेज’ म्हणतात. माझ्या दोन इमेज भरल्या ४.६ आणि ४.४ अब्ज बाइट, एकूण ९. दोन थरांच्या कोऱ्या तबकडीवर मात्र आकडा होता ८.५! उरलेले कोठे गेले?

उन्हाळ्यात मुळशीच्या तलावाकाठी उभे राहून उथळ पाण्याकडे पाहा. तरंगणाऱ्या पानावर नजर ठेवली की तळचे गोटे पुसट होतात. गोट्यांवर नजर ठेवली की पान पुसट. डीव्हीडीचे भिंग हेच करते. पहिला थर अर्धपारदर्शक असतो, दुसरा त्याच्या मागे सुमारे ५५ मायक्रॉनवर. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर ज्या थरावर केंद्रित होतो तो वाचला जातो. मात्र पुसट दिसणारा थरही थोडा प्रकाश परत पाठवतोच, आणि हव्या त्या थराकडून येणारा प्रकाश एकथरी तबकडीपेक्षा कमी असतो. या गोंगाटात खुणा ओळखू याव्यात म्हणून त्या लांब केल्या आहेत: सर्वांत लहान खूण ०.४० मायक्रॉनऐवजी ०.४४ मायक्रॉनची. खूण दहा टक्के लांब, म्हणून एका थरात ४.७ भागिले १.१, म्हणजे सुमारे ४.२७ अब्ज बाइट. त्याची दुप्पट ८.५४. हिशेब जुळला!

मग चित्रपटांच्या आधीच्या जाहिराती आणि झलकी काढून टाकल्या. ‘शेजारी’ ४.२५ वर आला, ‘पडोसी’ ४.०५ वर. तरीही दोन्ही इमेज नुसत्या शेजारी ठेवून भागत नाही. दोन तुकड्या एका वर्गात आणल्या की हजेरी क्रमांक एकचे विद्यार्थी दोन होतात ना? तसेच येथे. दोन्ही चित्रपटांतील फायलींची नावे तीच असतात, आणि कोणते दृश्य कितव्या कप्प्यात आहे याची सूचीही प्रत्येकाची आपापली. दुसऱ्याला नवे क्रमांक द्यावे लागतात, सूची पुन्हा लिहावी लागते आणि दोहोंतून निवडायला एक दर्शनी पान करावे लागते. हे काम संगणकाचा कार्यक्रम मुकाट्याने करतो.

क्रमाची चूक मात्र माझी. मी ‘पडोसी’ आधी ठेवला. पहिल्या थरात दुसऱ्यापेक्षा कमी माहिती चालत नाही, म्हणून ८.३ चा निम्मा भाग, ४.१५, पहिल्या थरात गेला. त्यात ‘पडोसी’ संपून ‘शेजारी’चीही तीनेक मिनिटे आली. नेमके तेथे भिंग दुसऱ्या थरावर स्थिरावेपर्यंत चित्र क्षणभर थबकले. एक तबकडी वाया गेली. दुसऱ्या खेपेस मोठा चित्रपट आधी घेतला: ‘शेजारी’ पहिल्या थरात पुरा मावला, ‘पडोसी’ दुसऱ्यात, आणि सांधा बरोबर दोहोंच्या मध्ये आला.

ही तबकडी लावली तेव्हा नववीतील एका मुलीने विचारले, “सर, दुसरा थर पुन्हा मधूनच सुरू होतो का?” नाही. पहिला थर मधून कडेकडे वाचला जातो, दुसरा कडेकडून मध्याकडे. त्यामुळे भिंगाला परत मध्यापर्यंत धावावे लागत नाही. म्हणून या तबकडीत ‘शेजारी’तील धरण कडेजवळ फुटते, आणि ‘पडोसी’तील मधल्या भोकाजवळ.