वर्गणीतले ग्राफिक्स कार्ड

दरवर्षी १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर भीमसागर उसळतो. १९७८ पासून चाललेल्या लढ्यानंतर, शहिदांच्या रक्तानंतर, १९९४ साली याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लागले. प्रस्थापित वाहिन्या या दिवसाला किती वेळ देतात, हे आपण सारे जाणतो. म्हणून आपली पोरे मोबाईलवर भाषणे, गाणी, पुस्तकांचे स्टॉल टिपतात आणि रात्री वस्तीतल्या एखाद्या अभ्यासिकेतल्या जुन्या संगणकावर त्यांची जुळणी करायला बसतात. तिथेच घोडे अडते. संगणक गुदमरतो, चित्र थांबते. मग कुणीतरी म्हणतो, ‘ग्राफिक्स कार्ड टाका, सगळे ठीक होईल.’ आणि वर्गणीची पावती फाडली जाते.

हा विषय किरकोळ वाटेल. पण साधन कुणाच्या हातात, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा छापखाना उभा केला, तो उगाच नव्हे. कालचा छापखाना म्हणजे आजचा अभ्यासिकेतला संगणक होय. छापखान्याचे यंत्र बिघडले तर त्याचा कोणता भाग बिघडला, हे आधी पाहिले जाई. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो, हे कितपत योग्य आहे?

ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्राचे आणि चलचित्राचे गणित करणारा स्वतंत्र भाग. ते काम त्याने उचलले की मुख्य प्रोसेसरवरचा भार हलका होतो. पण मुळात आजार तिथेच आहे का? चित्रफितीची जुळणी चालू असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ठेवावा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली असेल, तर दुखणे जुन्या हार्ड डिस्कचे आहे. तिथे एसएसडी बसवावी. मेमरी भरली असेल तर रॅम वाढवावी. प्रोसेसरच दमला असेल तर महागडे कार्डही त्याची वाट पाहत बसेल. शिवाय २०११ नंतरच्या इंटेलच्या बहुतेक कोअर आय-थ्री, आय-फाइव्ह प्रोसेसरमध्ये चलचित्र तयार करणारी सोय आधीच असते. सॉफ्टवेअरमध्ये ती सुरू केली आहे का, हे न पाहताच कार्ड घेणे म्हणजे घरात विहीर असताना टँकर मागवणे.

कार्डच हवे असे ठरले, तर पहिला हिशेब विजेचा. मदरबोर्डवरच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून मोठ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. सहा पिनांची वायर ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. कंपन्यांनी वापरून काढलेले जे डेस्कटॉप आपल्याकडे येतात, त्यांपैकी अनेकांत ही वायर नसते. छोट्या कॅबिनेटमध्ये तर पूर्ण उंचीचे कार्ड मावतही नाही. एसएमपीएस बदलायचा तर लेबलावरच्या आकड्यावर भाळू नये, ‘८० प्लस’ची खूण पाहावी. हलका एसएमपीएस गेला, तर जाताना मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकतो.

दुसरा हिशेब नावाचा. नावावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजात आपण वाढलो, तेव्हा नाव किती फसवते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली आले. २०१८ साली त्याच नावाने, पण बऱ्याच संथ मेमरीचे दुसरे कार्ड बाजारात उतरले. खोक्यावर ‘जीडीडीआर ५’ आहे की ‘डीडीआर ४’, हे वाचल्याशिवाय फरक कळत नाही. शिवाय जीटी १०३० असो वा २०२२ चे आरएक्स ६४००, चलचित्र तयार करणारा खास भाग दोन्हींत नाही. म्हणजे ज्या कामासाठी वर्गणी काढली, तेच काम ही कार्डे उचलत नाहीत! जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० मध्ये तो भाग आहे आणि वेगळ्या वायरीची गरज नसलेले त्यांचे प्रकारही मिळतात. मात्र १०५० टीआयच्या पिढीसाठी ऑक्टोबर २०२५ नंतर केवळ सुरक्षेपुरतेच ड्रायव्हर मिळणार आहेत आणि तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत, हे लक्षात ठेवूनच जुन्या कार्डाची किंमत करावी.

तिसरी गोष्ट. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. नवे ग्राफिक्स कार्ड टाकून ही अट पूर्ण होत नाही. अशा यंत्रावर लिनक्स हा मोफत आणि सन्मानाचा मार्ग आहे.

आणि हा संगणक फेकला तर जाईल कुठे? २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादक कंपन्यांवर जबाबदारी टाकली आहे. तरीही तांब्यासाठी वायरी जाळणारे, भंगार फोडणारे हात कोणत्या वस्त्यांतले असतात, हे वेगळे सांगायला नको. यंत्र दोन-चार वर्षे जास्त चालले, तर त्या फुफ्फुसांत तेवढा धूर कमी जाईल.

म्हणून प्रत्येक अभ्यासिकेने, प्रत्येक मंडळाने एक साधी वही ठेवावी. प्रोसेसर कोणता, रॅम किती, एसएमपीएस किती वॅटचा, काय बदलले, किती खर्च आला, सारे त्यात लिहावे. दोन मुलांना, त्यातही एका मुलीला, पेचकस हातात देऊन कॅबिनेट उघडायला शिकवावे. वर्गणीतला रुपया रोजंदारीवर जाणाऱ्या आईच्या पदरातून सुटलेला असतो. त्याचा हिशेब पावतीवर तर हवाच, पण तो कशासाठी खर्च झाला याची समजही हवी. बाबासाहेबांनी दिलेल्या मंत्रात ‘शिका’ हा शब्द पहिला आहे. तो कॅबिनेटच्या आत डोकावतानाही लागू पडतो.