बंधारा कुठं घालायचा? उपग्रहाचा नकाशा आणि आपली माहिती

मैत्रिणींनो, आपल्याकडं पावसाची कमी नाही. मुरबाड-शहापुरात वर्षाला साधारण 2,500 मिलिमीटर पाऊस पडतो. एका एकराचा हिशेब केला तर एक कोटी लिटर पाणी, म्हणजे 10,000 लिटरचे एक हजार टँकर! तरीही म्हशाची जत्रा सरली की ओहोळ बारीक होतात आणि होळीनंतर आपण हंडे घेऊन डवऱ्यावर नंबर लावतो. वर उतार, खाली काळा पाषाण. पाणी मुरायच्या आधीच नदीला जातं.

मग बंधारा घालू या, असं आपण म्हणतो. आमच्या पाड्यावर घातला होता. दिवाळीनंतरही पाणी दिसायचं, सगळे खूश. विहीर मात्र मार्चात आटलीच. बंधाऱ्याच्या तळाला सलग पाषाण होता. पाणी साठलं, पण मुरलं नाही. गुरांना, भाजीला उपयोग झाला, विहिरीला नाही. तेव्हा आधी ठरवा, पाणी साठवायचंय की मुरवायचंय? दोन्हींच्या जागा वेगळ्या.

मुरवायची जागा शोधायला उपग्रहाचे फोटो कामाला येतात. उपग्रहाला जमिनीखालचं पाणी दिसत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. त्याला वरच्या खुणा दिसतात. उन्हाळ्यातल्या खास फोटोत हिरवी झाडं लाल दिसतात. सुक्या माळावर अशी लाल रेघ सरळ गेली असेल, किंवा ओहोळ मध्येच फूटपट्टीनं आखल्यासारखा सरळ वाहत असेल, तर खाली पाषाणाला भेग असू शकते. भेगेतून पाणी आत उतरतं. त्यावर उताराचा, मातीचा, खडकाचा नकाशा एकावर एक ठेवला की कामाच्या जागा उरतात. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर भूजलाचे असे नकाशे आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडंही चौकशी करता येते.

पण हे नकाशे 1:50,000 मापाचे असतात. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. त्यात पाडा सापडेल, बंधाऱ्याची नेमकी जागा नाही. ती आपणच दाखवायची. नकाशावर लाल दिसतं तिथं मोटरवरची भाजी असेल, तर ते आपल्यालाच ठाऊक. कुठला डवरा मे महिन्यातही ओला राहतो, कुठल्या विहिरीत किती हातांपर्यंत मुरूम लागला आणि पाषाण कुठं सुरू झाला, हे पाणी भरणाऱ्या बाईला विचारा.

गटाच्या बैठकीत गावाचा नकाशा काढून यावर खुणा करा. एप्रिलात शिवारफेरी मारा. जागा विहिरीच्या वरच्या अंगाला, मुरमाची हवी. फार चढ असेल तर बंधारा नको, समतल चर आणि दगडी बांध बरे. साहेब पाहणीला आले की हा कागद पुढं करा, आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा असते तिथं जागेचा ठराव लिहून घ्या. नुसतं तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात येत नाही.